झपाटलेल्या घरांचे इटालियन भयपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रकारात नेमके कोणते चित्रपट येतात?

साधारणपणे 1957 ते 1990 या काळात इटलीत तयार झालेले, आणि ज्यांच्यात एखादी व्हिला, गढी, हॉटेल किंवा भाड्याचे घर हेच संकटाचे मूळ ठिकाण आहे, असे भयपट येथे अभिप्रेत आहेत. मारिओ बावा यांचे 'किल, बेबी, किल' (1966) आणि 'शॉक' (1977), पुपी आवाती यांचा 'हसऱ्या खिडक्यांचे घर' (1976), दारिओ अर्जेन्तो यांचा 'इन्फर्नो' (1980), तसेच लुचो फुल्ची यांचे 'द बियाँड' आणि 'द हाउस बाय द सिमेट्री' (दोन्ही 1981) ही त्यांतील ठळक नावे होत. अर्जेन्तो यांच्या 'प्रोफोन्दो रोस्सो'मध्ये (1975) खुनी माणूसच आहे, म्हणून काटेकोर वर्गीकरण करणारे त्याला 'जाल्लो' या खून-रहस्याच्या प्रकारात टाकतात. इटालियन भाषेत जाल्लो म्हणजे पिवळा. स्वस्त रहस्यकथांच्या पिवळ्या मुखपृष्ठांवरून हे नाव रूढ झाले. वर्गीकरण योग्यच आहे, परंतु त्या चित्रपटातील ओसाड व्हिलेला वगळून या विषयावर लिहिणे मला जमणार नाही.

ही परंपरा इतक्या उशिरा, 1957 मध्ये, का सुरू झाली?

मुसोलिनीच्या राजवटीत भयपटाला जवळजवळ जागाच नव्हती, आणि युद्धानंतरच्या इटालियन चित्रपटाची प्रतिष्ठा रस्त्यावरच्या वास्तवाशी जोडली गेली होती. 1957 मध्ये रिक्कार्दो फ्रेदा यांनी 'इ व्हाम्पिरी' हाती घेतला आणि तो पुरा होण्याआधीच सोडला. उरलेला भाग त्याचे छायालेखक मारिओ बावा यांनी पूर्ण केला. तरुण मुलींच्या रक्तावर आपले तारुण्य टिकवणारी एक सरदारीण पॅरिसमधील जुन्या गढीत राहते, एवढीच त्याची गोष्ट आहे. त्यात ती कॅमेऱ्यासमोर, एकाच अखंड दृश्यात म्हातारी होते. बावा यांनी नटीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या रंगीत रंगभूषेने काढल्या होत्या. कृष्णधवल फिल्मवर त्याच रंगाच्या प्रकाशात त्या दिसत नाहीत आणि प्रकाशाचा रंग बदलला की हळूहळू उमटतात. या परंपरेची पुढची तीस वर्षे बरीचशी याच युक्तीच्या वंशातली आहेत, म्हणजे थोडा पैसा, एक रंगीत काच, आणि आपण काय पाहिले याबद्दल प्रेक्षकाच्या मनात राहणारी शंका. बावा यांचे वडीलही मूकपटांच्या काळातले छायालेखक होते, आणि ही कारागिरी घरातूनच त्यांच्याकडे आली होती.

1960 मध्ये बावा यांनी स्वतःच्या नावावर पहिला भयपट केला. त्यातील बार्बरा स्टील ही इंग्लिश अभिनेत्री पुढे काही वर्षे इटालियन गढ्यांमधून जणू मुक्कामालाच होती.

दिग्दर्शक इटालियन असताना घरे मात्र अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा पूर्व युरोपात का दाखवली जातात?

कारण व्यापारी होते. भूत ही परदेशी वस्तू आहे, असा इटालियन प्रेक्षकाचा समज असल्याचे निर्माते धरून चालत, आणि चित्रपट परदेशात विकायचा तर तो परदेशी वाटणे सोयीचे होते. त्यामुळे फ्रेदा 'रॉबर्ट हॅम्प्टन' झाले, आन्तोनिओ मार्गेरिती 'अँथनी डॉसन' झाले आणि बावा यांनीही काही वेळा 'जॉन ओल्ड' असे नाव लावले. फुल्चींच्या 'द हाउस बाय द सिमेट्री'ची कथा बॉस्टनजवळच्या न्यू व्हिटबी या काल्पनिक गावात घडते. घराचा बाहेरचा भाग मॅसॅच्युसेट्समधील सिच्युएट येथील एका खऱ्या घराचा आहे, तर आतल्या खोल्या रोममधील स्टुडिओत उभारलेल्या आहेत. म्हणजे पात्र दार उघडून आत पाऊल टाकते तेव्हा ते प्रत्यक्षात अटलांटिक महासागर ओलांडत असते. बाहेरचा पानगळीचा थंड उजेड आणि आतला तपकिरी, धुळकट काळोख एकमेकांचे वाटत नाहीत, याचे एक कारण इतके साधे आहे. मला मात्र ते या चित्रपटाचे भाग्य वाटते.

पुपी आवाती हे ठळक अपवाद होत. त्यांनी आपले भयपट पो नदीच्या खोऱ्यातल्या सपाट, दमट, ओळखीच्या मुलखात घडवले. इटलीत त्यासाठी 'पादान गॉथिक' असा शब्दही रुळला आहे. 'हसऱ्या खिडक्यांचे घर' या चित्रपटात एक तरुण चित्रकार गावच्या चर्चमधील संत सेबास्टियनच्या हौतात्म्याचे भित्तिचित्र दुरुस्त करायला येतो. मूळ चित्र काढणारा कलावंत मरणाऱ्या माणसांचीच चित्रे काढत असे, हे त्याला हळूहळू कळत जाते. त्यातले पुष्कळसे भय भरदुपारी, गावकऱ्यांच्या अर्धवट सोडलेल्या वाक्यांतून येते, आणि ज्याने लहान गावात परका म्हणून चार दिवस काढले आहेत त्याला ते अधिक कळेल.

इतर भूतपटांपेक्षा या घरांत वेगळे काय आहे?

आपल्याकडच्या भूतकथांत, आणि इंग्रजी भूतकथांतही, भुताचे काही मागणे असते. वासना अडकलेली असते, हाडे विहिरीत पडलेली असतात, कोणाचा तरी अन्याय उघडकीस यायचा असतो. मागणे समजले, वासना शांत झाली, की घर पुन्हा राहण्याजोगे होते. इटालियन घरांत बहुधा असा हिशेब पुरा होत नाही. तेथे मागणे सापडले तरी उपयोग नसतो, कारण बिघाड आत्म्यात असण्याऐवजी घराच्या जागेतच असतो. खोल्या मोजून घेता येत नाहीत आणि जिने जेथून निघतात तेथे पोहोचत नाहीत.

'किल, बेबी, किल'मधील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नायक डॉक्टर एका पळणाऱ्या माणसाचा पाठलाग करत दारातून खोलीत येतो, समोरच्या दारातून बाहेर पडतो आणि पुन्हा त्याच खोलीत शिरतो. असे अनेक वेळा घडते, दर वेळी दोघांतले अंतर कमी होत जाते, आणि अखेर तो पुढच्या माणसाला गाठतो तेव्हा त्याला दिसतो तो स्वतःचाच चेहरा. एक खोली, दोन दारे आणि नीट केलेले संकलन, यापलीकडे त्याला काहीही लागलेले नाही. 'द बियाँड'च्या शेवटी नायक-नायिका रुग्णालयाचा जिना उतरतात आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या हॉटेलच्या तळघरात पोहोचतात. तेथून पुढे ते जेथे जातात ती जागा आरंभी मारल्या गेलेल्या चित्रकाराच्या कॅनव्हासवर आपण आधीच पाहिलेली असते. 'इन्फर्नो'त तर हे मूळ कल्पनेतच आहे. व्हारेल्ली नावाच्या वास्तुविशारदाने तीन 'मातां'साठी, म्हणजे तीन चेटकिणींसाठी, फ्रायबुर्ग, रोम आणि न्यू यॉर्क येथे तीन घरे बांधली असून त्यांच्या रहस्याची एक किल्ली 'तुमच्या बुटांच्या तळव्यांखाली' आहे, असे जुन्या पुस्तकात लिहिलेले असते. या तीन मातांची कल्पना इंग्लिश निबंधकार थॉमस डी क्विन्सी यांच्या 1845 सालच्या गद्यलेखनातून आलेली आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक तरुणी तळघरातील डबक्यात पडलेल्या किल्ल्या काढायला पाण्यात उतरते, आणि खाली तिला डबक्याऐवजी पाण्याने भरलेले, सामानसुमानासह संपूर्ण दालन लागते. ते दालन तेथे का आहे, हे कोणी सांगत नाही आणि त्या क्षणी विचारावेसेही वाटत नाही.

'द हाउस बाय द सिमेट्री'च्या कथेत अनेक गोष्टी जुळत नाहीत. हा दोष मानावा की शैली?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर 'दोन्ही' असे आहे.

आधी दोष पाहू. नॉर्मन बॉइल हा संशोधक पत्नी आणि लहानग्या बॉबसह त्या घरात राहायला येतो. गावातील माणसे त्याला सांगतात की तो पूर्वी येथे येऊन गेला आहे. तो नाकारतो, आणि हा धागा तेथेच सुटतो. रात्री एका बाईचा खून होतो, सकाळी मुलाला सांभाळणारी ॲन स्वयंपाकघराच्या फरशीवरचे रक्त पुसत बसलेली असते, आणि नॉर्मनची पत्नी त्याविषयी विचारते तेव्हा ती उत्तर टाळते. ॲन कोणाच्या बाजूची आहे हे शेवटपर्यंत ठरत नाही. एक वटवाघूळ नॉर्मनच्या हाताला इतका वेळ चिकटून राहते की प्रसंग भीतीतून हास्यात आणि हास्यातून पुन्हा किळसेत जातो. पटकथेवर दार्दानो साक्केत्ती यांच्यासारख्या मुरलेल्या लेखकाचे नाव आहे, तेव्हा कारागिरीचा अभाव हे याचे पुरेसे स्पष्टीकरण होत नाही. फुल्ची यांनी त्याआधी वर्षानुवर्षे विनोदी चित्रपट काढले होते आणि कथा सरळ कशी सांगायची हे त्यांना उत्तम ठाऊक होते. या काळात ते फ्रेंच नाटककार आँतोनँ आर्तो यांच्या, प्रेक्षकाच्या संवेदनांवर थेट आघात करू पाहणाऱ्या, क्रौर्याच्या रंगभूमीचा दाखला देत आणि कथानकापेक्षा प्रतिमांना महत्त्व देत.

आता या विस्कळीतपणातून काय साधते ते पाहावे. चित्रपट मोठ्यांच्या बाजूने पाहिला तर तो तुटका आहे, पण तो बॉबच्या बाजूने पाहिला की सरळ लागतो. लहान मुलाला मोठ्यांचे बोलणे असेच अर्धवट कळते. आईवडील कुजबुजतात, काहीतरी लपवतात, रक्त पुसले जाते आणि कोणी काही विचारत नाही. घराच्या दिवाणखान्यात फरशीतच एक थडगे आहे, त्यावर गालिचा टाकलेला आहे, आणि घरात राहणाऱ्यांनी ते या भागात असेच असते म्हणून स्वीकारायचे आहे. ही मोठ्यांच्या जगाची अगदी नेमकी नक्कल आहे. बॉबला दिसणारी मे नावाची मुलगी त्याला 'येऊ नकोस' म्हणून बजावते आणि फक्त त्यालाच ते ऐकू येते. तळघरात असलेला डॉक्टर फ्रॉइडस्टाइन मेलेल्यांचे अवयव जोडून स्वतःला जिवंत ठेवतो. त्याच्या नावात फ्रॉइड आणि फ्रँकेन्स्टाइन दोघेही कोंबलेले आहेत, ही थट्टा फुल्चींना नक्कीच आवडत असावी. पण त्याला चेहरा जवळजवळ नाही आणि त्याच्या तळघरातून लहान मुलांचे रडणे ऐकू येते. तळघराच्या बंद दाराला बॉबचे डोके टेकलेले आहे आणि बाहेरून वडील कुऱ्हाडीने तेच दार फोडत आहेत, हा प्रसंग मी पुष्कळदा पाहिला आहे आणि अजूनही तो पाहताना माझी मान आपोआप मागे जाते. वाचवायला येणारा बापच येथे धोका असतो. अखेरीस पडद्यावर कादंबरीकार हेन्री जेम्स यांच्या नावाने मुले आणि राक्षस यांच्याविषयी एक वाक्य येते. ते अस्सल जेम्स यांचे असो वा नसो, चित्रपट कोणाच्या उंचीवरून पाहायचा होता ते त्यातून कळते.

सुटलेला प्रत्येक धागा अशा रीतीने सावरता येतो, असा माझा दावा नाही. वटवाघळाला माझ्याकडे कोणतेही समर्थन नाही.

पात्रांचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. मूळ इटालियन आवृत्ती पाहावी का?

ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तशी आवृत्ती बहुधा अस्तित्वातच नाही. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळी होणारे ध्वनिमुद्रण वापरले जात नसे; नट आपापल्या भाषेत बोलत आणि सर्व आवाज नंतर स्टुडिओत चढवले जात. इटालियन आवृत्तीही डब केलेली आणि इंग्रजी आवृत्तीही डब केलेलीच. फुल्चींच्या या चित्रपटांत कॅट्रिओना मॅकॉल ही ब्रिटिश अभिनेत्री प्रमुख भूमिकेत असल्यामुळे इंग्रजीत ओठ पुष्कळसे जुळतात. मात्र बॉबला इंग्रजीत दिलेला आवाज इतका कृत्रिम आहे की तो या चित्रपटाच्या चाहत्यांत बदनामच झाला आहे. ज्याला तो सहन होत नाही त्याने खुशाल इटालियन आवृत्ती घ्यावी. एरवी तोंडापासून सुटून तरंगणारा आवाज झपाटलेल्या घराला शोभूनच दिसतो.

संगीताला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण ते प्रसंगाच्या मागे राहत नाही. अर्जेन्तो यांनी 'गॉब्लिन' या रॉक वाद्यवृंदाकडून 'प्रोफोन्दो रोस्सो' आणि 'सुस्पिरिया'चे (1977) संगीत करून घेतले, 'इन्फर्नो'साठी इंग्लिश रॉक कीबोर्डवादक कीथ इमर्सन यांना बोलावले, आणि 'द बियाँड'साठी फाबिओ फ्रिझ्झी यांनी पियानो आणि समूहगायनाची अशी रचना केली की ती एकदा ऐकली तर महिनाभर डोक्यातून जात नाही.

घरांच्या वास्तूंविषयी आणखी काही सांगता येईल का?

'सुस्पिरिया'तील नृत्यशाळा हेही एक झपाटलेले घरच आहे. त्यातील दारांच्या मुठी मुद्दाम नेहमीपेक्षा उंच बसवल्या होत्या, जेणेकरून तरुण अभिनेत्री दार उघडताना लहान मुलींसारख्या दिसाव्यात. छायालेखक लुचानो तोव्होली यांच्या रंगांना टेक्निकलरच्या जुन्या, तेव्हा लोप पावत चाललेल्या छपाई-पद्धतीमुळे विलक्षण गडदपणा आला.

'प्रोफोन्दो रोस्सो'ची व्हिला मात्र खरी आहे. तुरीन शहराच्या टेकडीवरची ही व्हिला स्कॉट 1902 साली पिएत्रो फेनोल्यो यांनी आर्ट नूव्हो या वेलींसारख्या वळणदार रेषांच्या शैलीत बांधली. चित्रपटात ती रोमजवळची म्हणून येते, आणि चित्रीकरणाच्या काळात तेथे जोगिणींनी चालवलेले मुलींचे वसतिगृह होते. नायक तेथे भिंतीचा गिलावा खरवडून खाली दडलेले लहान मुलाने काढलेले चित्र उघडे करतो, आणि पुढे एका जुन्या छायाचित्रावरून त्याच्या ध्यानात येते की समोर एक खिडकी कमी आहे. खिडक्या मोजल्याने उलगडत जाणारे भय मला दुसरीकडे क्वचितच आढळले आहे. व्हिला खासगी मालमत्ता असल्याने तुरीनला जाणाऱ्यांनी ती रस्त्यावरूनच पाहावी.

'ला कासा' मालिकेचा क्रम कसा लावावा?

लावू नये. सॅम रेमी यांचा अमेरिकन 'द ईव्हिल डेड' इटलीत 'ला कासा', म्हणजे 'घर', या नावाने लागला आणि त्याचा दुसरा भाग 'ला कासा 2' झाला. तिसऱ्या भागाची वाट कोण पाहणार? इटालियन निर्मात्यांनी ऊम्बेर्तो लेन्झी यांचा 'गोस्टहाउस' (1988) 'ला कासा 3' म्हणून आणला, पाठोपाठ चौथा आणि पाचवा आला, आणि नंतर 'हाउस' या भलत्याच अमेरिकन मालिकेतले दोन चित्रपट सहावा आणि सातवा म्हणून लावून टाकले. गोष्ट, पात्रे, निर्माते यांपैकी काहीही सात भागांत सलग नाही. गमतीची गोष्ट अशी की 'गोस्टहाउस'मधील घर म्हणजे फुल्चींचे तेच सिच्युएटचे घर.

या चित्रपटांना 'कल्ट' दर्जा कसा मिळाला?

बऱ्याच अंशी बंदीमुळे. ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकात हिंसक व्हिडिओ कॅसेटविरुद्ध जी मोहीम झाली आणि जिचा शेवट 1984 च्या कायद्यात झाला, तिच्या खटल्यांसाठीच्या यादीत 'द बियाँड', 'द हाउस बाय द सिमेट्री' आणि 'इन्फर्नो' हे तिन्ही होते. अमेरिकेत 'द बियाँड' 1983 मध्ये कापून, संगीत बदलून आणि नावही बदलून लागला. त्यामुळे एका पिढीने हे चित्रपट कॉपीवर कॉपी केलेल्या, रंग उडालेल्या कॅसेटवर आणि अर्धवट पाहिले, आणि गाळलेल्या भागाविषयी एकमेकांना सांगत राहिली. 1998 मध्ये 'द बियाँड' अमेरिकेत न कापता पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा जी गोष्ट कापाकापीमुळे विस्कळीत झाली असे लोक समजत होते ती मुळातच तशी आहे, हे उघड झाले, आणि चाहते कमी झाले नाहीत. पुढे उत्तम प्रतीच्या डिस्क आल्या आणि सेर्जो साल्वाती यांचे छायालेखन किती जपून केलेले होते ते प्रथमच नीट दिसले.

विशेष परिणाम आज खोटे वाटत नाहीत का?

काही वाटतात. जान्नेत्तो दे रोस्सी यांनी फुल्चींसाठी केलेल्या जखमांची किळस अजून शाबूत आहे, पण 'द बियाँड'मधील कोळी कोणालाही फसवणार नाहीत. याउलट 'शॉक'मधील एक क्षण आजही दचकवतो. लहान मुलगा बोळातून आईकडे धावत येतो, चौकटीच्या खाली वाकतो, आणि त्याच दृश्यात, मध्ये कोठेही काप नसताना, त्याच्या जागी तिचा मेलेला नवरा वर येतो. बावा यांनी मुलाला खाली बसवले आणि तेथे दडलेल्या नटाला उभे केले, एवढेच. हा त्यांचा चित्रपटगृहांसाठीचा शेवटचा चित्रपट ठरला. 1980 मध्ये त्यांचे निधन झाले.

हे चित्रपट कोणी टाळावेत?

डोळ्यांना होणारी इजा पडद्यावर पाहवत नसेल तर फुल्ची टाळावेत; त्यांना त्याचा विलक्षण सोस आहे. स्त्रियांचे मृत्यू पुरुषांच्या मृत्यूंपेक्षा अधिक रेंगाळत, अधिक सजवून दाखवले जातात, ही तक्रारही खरी आहे. काळाचा प्रघात म्हणून ती झटकून टाकू नये, कारण त्याच काळात आवाती यांनी त्याशिवाय काम भागवले होते.

सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?

'किल, बेबी, किल'पासून करावी. तो लहान आहे, देखणा आहे आणि त्यात रक्त फारसे नाही. त्यानंतर 'हसऱ्या खिडक्यांचे घर', मग 'इन्फर्नो', आणि डोळे या तर्काला सरावल्यावर फुल्ची. बावा यांचा 'लिसा अँड द डेव्हिल' (1973) मात्र जपून निवडावा. स्पेनमधील तोलेदो शहरात वाट चुकलेली एक प्रवासी तरुणी आंधळ्या सरदारणीच्या व्हिलेत रात्र काढते, तेथे माणसे आणि बाहुल्या यांतला फरक पुसट होत जातो, आणि टेली सवालास तोंडात लॉलिपॉप धरून बटलरचे काम करतात. त्याला वितरक न मिळाल्याने निर्मात्याने पुढे त्यात भूत उतरवण्याचे प्रसंग नव्याने घुसवून, त्या वेळी गाजत असलेल्या अमेरिकन चित्रपटाची लाट पकडण्यासाठी, 1975 मध्ये 'हाउस ऑफ एक्झॉर्सिझम' नावाचे भलतेच प्रकरण तयार केले. मुखपृष्ठावर तेच चेहरे असतात. ती डिस्क हाती आली तर परत जागेवर ठेवावी.